दोन जावा एका घरात

दिवाळीच्या फराळाला बोलावणाऱ्या आपल्या लोकांत एक मोठी प्रेमळ खोड आहे. पाहुण्याने "मला साखर आहे हो" असे म्हटले की यजमानीणबाईंचा हात लाडवांच्या डब्यावरून चटकन मागे येतो, आणि दुसऱ्याच क्षणी पाहुण्याच्या ताटलीत चकली, शेव, कडबोळी आणि चिवडा यांचा डोंगर उभा राहतो. "गोडाचं नको ना? मग तिखटमिठाचं घ्या की पोटभर!" गोडाला बंदी केली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे यजमानाला वाटते, आणि खरे सांगायचे तर पाहुण्यालाही तसेच वाटत असते. मधुमेहाच्या माणसाला मिठाशीही काही देणेघेणे असते, ही गोष्ट आपल्या पाहुणचाराच्या शास्त्रात अजून शिरलेली नाही.

या सदराचे नेहमीचे वाचक आता म्हणतील, मास्तर, तुम्ही शब्दांच्या कुळकथा सांगणारे. तुम्हाला औषधांच्या दुकानात कोणी बोलावले? वाचकहो, बोलावले कोणी नाही, पाठवले. बेचाळिसाव्या वर्षी माझी साखर निघाली आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी दाब निघाला. 'निघाली' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आमच्या परभणीकडे हे आजार 'होत' नाहीत, 'निघतात'. "त्यांची शुगर निघाली," "तिचा बीपी निघाला," असेच सगळे बोलतात. शेतात नांगराला हंडा लागावा, तसे! पण या क्रियापदात मोठे शहाणपण आहे. जे निघते ते आधीपासून आत असते, आणि शोधल्याशिवाय ते निघत नाही.

माझा दाब निघाला तेव्हा मला डोकेदुखी नव्हती, चक्कर नव्हती, काहीच नव्हते. डॉक्टरांनी पट्टा सोडला आणि म्हणाले, "सर, १४६ वर ९०."

"पण मला काही त्रास नाही," मी म्हणालो.

"म्हणून तर मोजायचा असतो. त्रास होण्याची वाट पाहिली की फार उशीर होतो."

"साखरेची गोळी चालू आहेच. त्यात ही आणखी एक?"

डॉक्टर आमच्याच भागातले. हसून म्हणाले, "सर, साखर आणि दाब या दोन जावा आहेत. एकीने उंबरा ओलांडला की दुसरी फार दिवस लांब राहत नाही. आणि दोघींचा राग निघतो तो घरातल्या एकाच गरीब माणसावर. मूत्रपिंडावर."

हा गरीब माणूस काय काम करतो ते समजून घ्यायला आम्हा परभणीकरांना पुस्तक नको. जायकवाडीचा डावा कालवा आमच्या जिल्ह्यातून जातो. पाण्याची पाळी, चारी, दार ही आमची रोजची भाषा आहे. मूत्रपिंडात लाखो सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत रक्त एका बारीक चारीने आत येते आणि दुसऱ्या चारीने बाहेर जाते. मधल्या मध्ये नको असलेले गाळून घेतले जाते. आता आत येणाऱ्या चारीचे दार सताड उघडे आणि बाहेर जाणाऱ्या चारीचे दार अर्धे बंद, असे केले तर काय होईल? मध्ये पाणी तुंबेल आणि बांध पाझरू लागेल. मधुमेहात नेमके हेच होते. वाढलेल्या साखरेने आतले दार सैल पडते; शरीरातले अँजिओटेन्सिन नावाचे रसायन बाहेरचे दार आवळून धरते; त्यात वरून कालव्यालाच जोर अधिक, म्हणजे रक्तदाब वाढलेला. मग गाळणी फाटू लागते आणि रक्तात राहायला हवे ते अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीवाटे वाहू लागते. लघवीची एक साधी तपासणी ही गळती फार आधी दाखवते. पायावर सूज येण्याच्या कित्येक वर्षे आधी. माझ्या तपासणीत ती गळती थोडी निघाली. म्हणून डॉक्टरांनी लिहिलेली गोळी बाहेरचे दार सैल करणारी होती.

अशा गोळीचा जन्म कसा झाला, ती कथा कादंबरीहून सरस आहे. पहिला मान आपल्या मुंबईचा. सर्पगंधा नावाची वनस्पती आपल्याकडचे वैद्य पूर्वापार वापरत आले. १९४९ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी या मुळीचा वाढलेल्या रक्तदाबावर काय परिणाम होतो, याचे पद्धतशीर निरीक्षण 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले आणि साऱ्या जगाचे डोळे या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. १९५७ मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे अधिक चांगली औषधे आली आणि रिसर्पिन मागे पडले; तथापि रक्तदाब गोळीने खाली आणता येतो, हा विश्वास जगाला देणाऱ्यांत या मुंबईकर डॉक्टरांचे नाव आहे.

सर्पगंधेच्या नावात साप होता. पुढच्या औषधासाठी खरा साप लागला. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. त्याच्या दंशाने माणसाचा रक्तदाब कोसळतो. १९६५ मध्ये सेर्जिओ फेरेरा या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाने त्या विषातल्या घटकाचा छडा लावला. त्या धाग्यावरून अमेरिकेत कुशमन आणि ओन्डेटी यांनी कॅप्टोप्रिल ही गोळी घडवली आणि १९८१ मध्ये तिला तिथे मान्यता मिळाली. अँजिओटेन्सिन तयारच होऊ द्यायचे नाही, हे तिचे काम. सापाने धावपळीला लावलेल्या माणसाने त्याच्याच विषातून मूत्रपिंडाचे दार उघडावे, याहून सुरस चमत्कारिक काय असेल?

इथवर सारे ठीक. पण वाचकहो, मी लिहायला बसलो ते सापासाठी नाही. मी लिहितो आहे आमच्या दादांसाठी.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या गावी शेती पाहतात, किंवा पाहत असत. अंगावर मांस नाही. रोज पहाटे शेताची फेरी. आणि स्वभावाने असे शांत की बैल बांधावर चढला तरी त्याला शिवी नाही. त्यांची साखर निघाली तेव्हा गावात कोणाचा विश्वास बसला नाही. एवढ्या वाळक्या माणसाला साखर? पण पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक छायाचित्र छापले होते. ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण इंग्रजाच्या अंगात चरबी शेकडा ९.१ आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात शेकडा २१.२! आपला भारतीय देह बाहेरून किरकोळ आणि आतून चरबीचा, हे त्यावरून साऱ्या जगाला कळले. दादा त्याच जातकुळीचे.

साखरेची गोळी ते नेमाने घेत. साखरेचा धाक त्यांना होता, कारण गावात एकाचा पाय तिच्यापायी कापलेला त्यांनी पाहिला होता. दाबाचा धाक नव्हता. सहा वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या शिबिरात त्यांचा दाब १७० वर १०० निघाला. शस्त्रक्रिया लांबली, गोळ्या मिळाल्या, दाब खाली आला, डोळा झाला. आणि गोळ्यांचे पाकीट संपल्याबरोबर गोळीही संपली.

"दादा, ती गोळी बंद करायची नसते," मी म्हणालो.

"अरे, मी कुठं चक्कर येऊन पडायलोय? डोळ्यासाठी दिलती, डोळा झाला. आता कामून घ्यायची?"

"पण दाब वाढला तर?"

"मला राग तरी येतो का कधी? तुझ्या वहिनीला विचार. राग नाही त्याला कशाचा आलाय बीपी!"

इथे भाषेनेच आपला घात केला आहे. "माझा बीपी वाढवू नकोस" असे आपण चिडून म्हणतो, आणि मग बीपी म्हणजे राग, असे समीकरण बसून जाते. शांत माणसाला वाटते, हा आजार तापट माणसांचा. वस्तुतः स्वभावावरून दाब ओळखता येत नाही. कमालीची शांत माणसे वर्षानुवर्षे वाढलेला दाब अंगावर वागवीत असतात आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो.

आज दादा दर मंगळवारी आणि शुक्रवारी एसटीने परभणीला येतात आणि चार चार तास डायलिसिसच्या यंत्राला जोडून पडतात. दिवसभरात पाणी किती प्यायचे, ते मोजून दिले आहे. आमच्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. पारा ४४ च्या पुढे जातो, आणि भर दुपारी विहिरीवर तांब्याभर पाणी एका दमात संपवणारा हा शेतकरी आमच्या ओसरीवर बसून लहानशा वाटीतून घोट घोट घेतो. परवाच्या उन्हाळ्यात वाटी खाली ठेवून मला म्हणाले, "जन्मभर पिकाला पाण्याच्या पाळ्या दिल्या. आता माझीच पाळी लागली बघ."

एका घरातल्या दोन भावांच्या उदाहरणाला शास्त्र म्हणत नाहीत, हे मला कळते. कदाचित दादांची साखर जुनी म्हणून, कदाचित आणखी कशाने, त्यांची मूत्रपिंडे गेली असतील. म्हणून मी आकड्यांकडे वळतो. १९९८ साली इंग्लंडमध्ये एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मधुमेह आणि दाब दोन्ही असलेली १,१४८ माणसे साडेआठ वर्षांच्या आसपास पाहिली गेली. काहींचा दाब काटेकोर सांभाळला, काहींचा सैलपणे. दोन्ही गटांच्या सरासरीत फरक पडला तो किती? एकाचा १४४ वर ८२ आणि दुसऱ्याचा १५४ वर ८७. दहा अंशांचा फरक! पण तेवढ्याने पक्षाघात शेकडा ४४ नी घटला, मधुमेहामुळे होणारे मृत्यू शेकडा ३२ नी घटले, आणि डोळे, मूत्रपिंडे यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार शेकडा ३७ नी. आपण साखरेवर जेवढे बोलतो, त्याच्या चौथाईनेही या दहा अंशांवर बोलत नाही.

याच प्रयोगाची दुसरी बाजू २००८ मध्ये पुढे आली, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. प्रयोग संपल्यावर दोन्ही गटांचे दाब हळूहळू सारखे झाले; तेव्हा काटेकोर गटाने मिळवलेला लाभही ओसरत गेला. म्हणजे दाबाच्या गोळीची पुण्याई साठत नाही. चार वर्षे घेतली, आता दोन वर्षे सुट्टी, असा हिशेब तिथे चालत नाही. "एकदा लागली की सुटत नाही" म्हणून लोक या गोळीला भितात. पण सुटत नाही ती व्यसनामुळे नव्हे. चष्मा काढल्यावर अक्षर पुन्हा पुसट दिसते, त्यात चष्म्याची सवय लागली असे आपण म्हणतो का?

आता गोळ्यांविषयी. भाषेच्या मास्तराला एक सोय आहे. मराठी माणसाप्रमाणेच या औषधांचेही आडनाव शेवटी येते, आणि आडनावावरून घराणे ओळखता येते. ज्यांच्या शेवटी 'प्रिल', ते कॅप्टोप्रिलचे भाऊबंद: एनालाप्रिल, रॅमिप्रिल. ज्यांच्या शेवटी 'सार्टन', ते त्यांचे चुलत घराणे: लोसार्टन, टेल्मिसार्टन. मधुमेहाच्या माणसाच्या लघवीतून अल्ब्युमिन जात असेल तर या दोन घराण्यांपैकी एकाला अग्रमान. १९९३ मध्ये कॅप्टोप्रिलने आणि २००१ मध्ये लोसार्टन आणि इर्बेसार्टन यांनी मूत्रपिंडाची घसरण मंदावते, हे दाखवून दिले. मात्र एक वेळी एकच घराणे. दोघांना एकत्र घरात घेतले तर लाभापेक्षा धोका अधिक. 'डिपिन' आडनावाचे अॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते; त्याने कधी पावलांवर सूज येते. क्लोर्थॅलिडोनसारखी औषधे मीठपाणी लघवीवाटे बाहेर काढतात. अनेकांना यांतली दोन लागतात, कित्येकांना तीन. त्या इंग्रजी प्रयोगातही काटेकोर गटातल्या शेकडा २९ जणांना तीन किंवा अधिक औषधे लागली होती. दुसरी गोळी वाढवली म्हणजे डॉक्टर चुकला असे नव्हे.

प्रत्येक घराण्याच्या काही खोडी आहेत, त्या ठाऊक असाव्यात. 'प्रिल'ने काहींना कोरडा खोकला लागतो. डॉक्टरांना सांगितले की ते 'सार्टन' देतात. दोन्ही घराण्यांनी रक्तातले पोटॅशियम वाढू शकते. म्हणून गोळी सुरू केल्यावर आठ-पंधरा दिवसांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्यावे. याच कारणाने, 'कमी सोडियमचे' म्हणून विकले जाणारे मीठ या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून वापरू नये. त्यात बहुधा पोटॅशियमच घातलेले असते. गरोदरपणात ही दोन्ही घराणी वर्ज्य. 'ओलॉल' आडनावाच्या गोळ्या हृदयविकारात फार उपयोगी. पण साखर एकाएकी उतरली तर होणारी धडधड आणि थरथर त्या झाकून टाकतात. अशा वेळी सुटलेला घाम हीच खूण. गुडघेदुखीसाठी आपण दुकानातून परस्पर आणतो त्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या दाब वाढवतात आणि मूत्रपिंडाला इजा करतात. मधुमेही माणसाने त्यांच्याशी सोयरीक करू नये. जुन्या मधुमेहात एकदम उभे राहिल्यावर दाब घसरून तोल जातो. म्हणून डॉक्टरांना बसून आणि उभे राहून, असा दोन्ही वेळा दाब मोजायला सांगावे, आणि पहाटे अंथरुणातून उठताना क्षणभर काठावर बसावे.

आमच्या भागासाठी आणखी एक. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या लागल्या, अन्नपाणी पोटात ठरेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. अंगातले पाणी आटले असता यांतल्या काही गोळ्या, आणि साखरेच्याही काही, दोन-तीन दिवस थांबवाव्या लागतात. किती थांबवायच्या आणि पुन्हा केव्हा सुरू करायच्या, ते त्यांनाच विचारावे. थांबवलेली गोळी पुन्हा सुरू करायची विसरणे, हा आपला राष्ट्रीय गुण आहे.

दाब किती खाली आणावा? यावर पंडितांत पुष्कळ वाद झाले. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ४,७३३ मधुमेहींच्या प्रयोगात वरचा आकडा १२० च्या खाली नेऊन एकंदरीत ठळक लाभ दिसला नव्हता, पक्षाघात मात्र घटला होता. २०२४ मध्ये चीनमधल्या १२,८२१ जणांच्या प्रयोगात १२० च्या खालच्या उद्दिष्टाने हृदयविकार, पक्षाघात यांसारखे आघात शेकडा २१ नी कमी झाले. मात्र दाब फार उतरणे आणि पोटॅशियम वाढणे हेही अधिक आढळले. सर्वसाधारणपणे १३० वर ८० च्या खाली, हा आकडा मधुमेहींसाठी धरला जातो. वृद्ध, तोल जाणारी माणसे यांचा हिशेब निराळा. तो डॉक्टरांनी करावा. आपण आपला आकडा पाठ ठेवावा.

"जगात जर्मनी आणि भारतात परभणी" असे आम्ही अभिमानाने म्हणतो. या आजारांच्या बाबतीत मात्र सारा देशच परभणी झाला आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आढळले, आणि प्रौढांत शेकडा ३५.५ जणांचा दाब वाढलेला. तेव्हा ही श्रीमंतांची दुखणी आहेत, हे विसरावे. उपायही श्रीमंतांचे राहिलेले नाहीत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आरंभीच्या जिल्ह्यांत महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा होते. मोजक्या स्वस्त गोळ्या, ठरलेला क्रम, रुग्णाच्या नावाचे कार्ड आणि न येणाऱ्याची विचारपूस, एवढ्या साध्या सामग्रीवर तो चालला, आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराचा मानकरी झाला. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार निःशुल्क आहेत. तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि दाब तपासण्यासाठी आशाताई घरोघरी विचारणा करतात. त्यांना "आम्हाला काही होत नाही" असे सांगून परत पाठवू नये. होत नसतानाच ते मोजायचे असते.

माझी गोष्ट थोडक्यात सांगतो. वर्षभर गोळी नेमाने घेतली, लोणचे आणि पापड ताटातून हलवले, आणि लघवीतली गळती निम्म्याहून खाली आली. ज्यांच्या घरी फराळाला जाईन, त्यांना यंदापासून "गोड आणि खारट दोन्ही बेताने" असे सांगणार आहे. लोक म्हणतील, मग खाता तरी काय? अर्धा लाडू आणि अर्धी चकली खाऊन भरपूर गप्पा मारता येतात, हा माझा अनुभव आहे.

दादांचा थोरला मुलगा तेहतीस वर्षांचा. गेल्या वर्षी त्याची साखर निघाली, पाठोपाठ दाबही. दादा आता गावात कोणाला उपदेश करीत नाहीत. तो त्यांचा स्वभावच नव्हे. पण मंगळवारी आमच्याकडे आले की यंत्रावर जाण्यापूर्वी गावी फोन लावतात. पूर्वी पहिला प्रश्न असे, कापसाला पाणी दिलं का? आता तो दुसरा असतो. पहिला प्रश्न दोन शब्दांचा: "गोळी घेतलीस?" आणि पलीकडून "घेतली, आण्णा" असे ऐकू येईपर्यंत ते फोन कानाशी धरून थांबतात.